गिटारचा तंबोरा करायचाय? लो ओपन ए ट्यूनिंग, पायरी पायरीनं

माझ्याकडं एक जुनी अकूस्टिक पडून होती, कपाटावर, धूळ खात. नवी घेतल्यापासून तिला कुणी हात लावत नव्हतं आणि विकायला काढली तर लोक पाचशे रुपये म्हणायचे, मग म्हटलं विकण्यापेक्षा हिच्यावर काहीतरी उद्योग करू. त्यातनं हे लो ट्यूनिंगचं वेड लागलं. आता तीच गिटार रोज हातात असते आणि नवी कपाटावर गेलीय.

ट्यूनिंग असं: जाड तारेपासून बारीक तारेकडं (सगळ्यात जाड ती सहावी, सगळ्यात बारीक ती पहिली) ए, ई, ए, ई, ए, सी शार्प. गिटारच्या भाषेत ओपन ए मेजर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा प सा प सा ग, पांढरी सहाच्या सुरात. म्हणजे बोट न ठेवता सहाही तारा छेडल्या तर खर्ज, पंचम, षड्ज, सगळं एकदम, वर गंधार. तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक धोक्याची पाटी आधीच लावतो. नेटवर किंवा ट्यूनर ॲपमध्ये 'ओपन ए' शोधलं तर बहुतेक वेळा दुसरंच ट्यूनिंग येतं: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. त्यात तीन तारा वर ओढायच्या असतात. आपल्यात सगळ्या खाली जातात. नाव एकच, काम उलटं. मी पहिल्याच दिवशी ॲपमधलं तयार सेटिंग लावून बसलो, ॲप म्हणालं तिसरी तार अजून वर, अजून वर, मी पण आज्ञाधारक, आणि फटकन तुटून मनगटावर वळ उठला. त्यामुळं ॲप क्रोमॅटिक मोडवर (जो स्वर वाजेल तो दाखवणाऱ्या) ठेवा आणि स्वर स्वतः बघा.

दुसरी पाटी: हे सगळं स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकसाठी आहे. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या जाड तारा चढवू नका, ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची पट्टी, उखडून हातात येईल.

आधी चव घेऊन बघा, पैसे नंतर

लगेच तारा मागवू नका. आहे त्याच तारांवर हेच ट्यूनिंग तीन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट, दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) वरच्या पट्टीत लावून बघा, त्याला ओपन सी म्हणतात: सी, जी, सी, जी, सी, ई. कॅनडाचा मेटलवाला डेव्हिन टाऊनसेंड वर्षानुवर्षं हेच लावून वाजवतोय. स्टँडर्डवरनं, म्हणजे नेहमीच्या ई, ए, डी, जी, बी, ई वरनं, तिथं जायचं तर सहावी तार ई वरनं सी पर्यंत चार सेमीटोन खाली, पाचवी आणि चौथी प्रत्येकी दोन खाली, तिसरी आणि पहिली आहे तशीच, दुसरी फक्त एक सेमीटोन वर. पाच मिनिटांचं काम. आठवडाभर असंच वाजवा. आवडलं तर पुढं वाचा, नाही आवडलं तर खुंट्या फिरवून परत स्टँडर्ड, कुणाचं काही गेलं नाही.

या आठवड्यात एक गोष्ट मात्र लक्षात येईल की सहावी तार लोंबकळायला लागलीय. त्याचं गणित सोपंय. तार तीच आणि लांबी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहाव्या तारेचा ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, सी म्हणजे ६५.४, तर ताण उरला ६३ टक्के. त्याच तारेला अजून खाली ५५ हर्ट्झच्या ए वर नेली तर ताण उरतो ४५ टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून कमी. मग ती तार राहत नाही, चपलेचा तुटका बंद होतो. फ्रेटवर आपटते, स्वर डगमगतो, जरा जोरात मारली की सुरुवातीला चढते आणि मग खाली घसरते. बहुतेक लोक इथंच 'लो ट्यूनिंग बेकार असतं' म्हणून सोडून देतात. ट्यूनिंगचा दोष नसतो हो, तार चुकीची असते.

तारा: एक सेट आणि वर एक सुटी

इथं मला जे सापडलं ते लै कामाचं आहे म्हणून नीट सांगतो. नव्या ट्यूनिंगमधली पाचवी तार ई आहे. कुठला ई? स्टँडर्डमधल्या सहाव्या तारेचाच, तोच ८२.४ हर्ट्झ. आणि चौथी ए, म्हणजे स्टँडर्डमधली पाचवी, ११० हर्ट्झ. म्हणजे या दोन तारांना काही सैल करायचंच नाहीये, त्यांना फक्त एकेक घर पुढं सरकवायचंय!

तर अकूस्टिकचा मीडियम सेट घ्या, ०१३ ते ०५६ चा (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). सेटमधली ५६ नंबरची जाड तार पाचव्या जागी लावा. ४५ ची चौथ्या जागी. ३५ ची बाजूला ठेवून द्या, तिचं काम नाही. तिसरी (२६), दुसरी (१७), पहिली (१३) आपापल्या जागी, त्या दोन-तीन सेमीटोन खाली जातील पण मीडियम असल्यामुळं चालून जातात. उरली सहावी. तिच्यासाठी ७० नंबरची एक सुटी तार लागते, बॅरिटोन गिटारच्या सेटमध्ये असते तसली. फॉस्फर ब्राँझ मिळाली तर उत्तम, इलेक्ट्रिकची निकेलवाली मिळाली तरी चालते, जरा दबकी वाजते एवढंच.

इथं सोलापुरात दुकानात ७० नंबर मागितला तर दुकानदार आधी माझ्याकडं बघायचा, मग बेस गिटारच्या तारेकडं बोट दाखवायचा. मी एकदा ऐकलं पण. मित्राच्या बेसची जुनी तार आणून चढवायला गेलो तर खुंटीच्या भोकात जाईना, ब्रिजच्या भोकात बसेना, वाकवली तर सळईसारखी परत सरळ. अर्धा रविवार गेला. सुटी तार ऑनलाइनच मागवा.

आणि गिटारला झेपेल का, ही भीती सगळ्यांना असते. झेपतं. सहावी तार जाड असली तरी खाली लावलेली आहे, वरच्या तीन सैल आहेत, सगळ्यांचा मिळून ताण हा नेहमीच्या लाइट सेटच्या स्टँडर्ड ट्यूनिंगपेक्षा थोडा कमीच भरतो.

नटची घासाघीस

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथंच सगळं ठरतं. नट म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिच्यातल्या खाचा बारीक तारांच्या मापाच्या असतात. ४२ च्या खाचेत ५६ ची तार बसत नाही, वर तरंगत राहते, मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सगळं बेसूर आणि ट्यून करताना टक् टक् आवाज करत उड्या मारते. तेव्हा सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या अशा तीन खाचा रुंद कराव्या लागतात.

नटची खास कानस महाग मिळते. मी सराफ वापरतात तसली बारीक गोल कानस आणली, आणि शेवटचा हात जुन्या तारेभोवती बारीक पॉलिश पेपर गुंडाळून फिरवला. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. खाच रुंद करायची, खोल नाही, खोल गेली की उघडी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नट बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि घासताना कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित खाली झुकलेली ठेवायची, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकते. चार हात घासा, तार ठेवून बघा, परत चार हात. घाई केली तर रडाल. झाल्यावर खाचेत पेन्सिलीचं शिसं चोळा, तार गुळगुळीत सरकते.

हे एकदा केलं की त्या नटवर परत नेहमीचा सेट नीट बसणार नाही. म्हणूनच म्हणतोय, जुनी गिटार घ्या.

तार चढवताना सहावीचं टोक काही खुंट्यांच्या भोकात जात नाही, ७० म्हणजे जवळजवळ १.८ मिलिमीटर होतं. तसं झालं तर तार आधी जिथं कापायची तिथं पक्कडीनं काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या भागाच्या पुढं कापा आणि पुढचं वरचं वेटोळं तेवढं उलगडून आतली तार भोकात घाला. न वाकवता कापली तर आतली तार आणि वरचं वेटोळं एकमेकांपासून सुटतं आणि तार कायमची मुकी होते, ठप ठप वाजते. माझी एक अशीच गेली, डिलिव्हरीसकट पैसे पाण्यात.

सूर लावणं: ७, ५, ७, ५, ४

पाचव्या तारेपासून सुरू करा, तिला ट्यूनरवर ई लावा. तिच्या पाचव्या फ्रेटवर जो स्वर येतो तो उघड्या चौथीचा. चौथीच्या सातव्या फ्रेटवरचा स्वर तिसरीचा, तिसरीच्या पाचव्यावरचा दुसरीचा, दुसरीच्या चौथ्यावरचा पहिलीचा. सहावी शेवटी, तिच्या सातव्या फ्रेटवर पाचवी मिळाली पाहिजे. खालून वर मोजलं तर ७, ५, ७, ५, ४. फोन नंबरसारखं पाठ करून टाका.

सहावी तार फोनच्या ट्यूनरला धड ऐकूच येत नाही, काटा वेड्यासारखा नाचतो, कारण ५५ हर्ट्झ फोनच्या माइकला झेपत नाही. उपाय असा की बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढायचा, तो ११० हर्ट्झला वाजतो, ते फोनला कळतं. ट्यूनर नसेल तर तो हार्मोनिक आणि उघडी चौथी तार एकत्र वाजवा, एक झाले की झालं.

आता गंमत. ट्यूनरनं सगळं हिरवं दाखवलं तरी सहाही तारा छेडल्यावर पहिली तार टोचते. तुमचा कान खराब नाही. गिटारचे फ्रेट आणि ट्यूनर समान अंतराच्या हिशोबानं चालतात आणि त्यातला गंधार हा नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन) चढा असतो. तंबोरा चांगला लागला की त्यातनं आपोआप जो गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो, तो हा नव्हे.

तो खरा गंधार गिटारमध्येच लपलेला आहे. चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडं, नटच्या बाजूला, बोट टेकवून हार्मोनिक काढा. बारीक किणकिण येईल, ती ५५० हर्ट्झची. आता पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक काढा, ट्यूनरप्रमाणं लावली असेल तर तो ५५४ च्या वर असतो. दोन्ही एकत्र वाजत ठेवा. वँव वँव वँव असे सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतील. पहिली तार हळूहळू उतरवत जा, हेलकावे लांबत जातात, लांबत जातात आणि एका क्षणी थांबतात. तिथंच सोडा. मग सहाही तारा एकदा सावकाश छेडा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुपारची वेळ होती, मागच्या गल्लीतले माग जेवणाच्या सुट्टीत बंद झालेले, आणि पत्र्याच्या खोलीत तो आवाज असा काही भरला की मी वाजवायचं सोडून नुसता ऐकतच बसलो.

सेटिंगचं थोडक्यात

तारा लावल्यावर एक रात्र जाऊ द्या, नेक (गिटारचा दांडा) स्थिरावतो. मग बघा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली तर मधे, सातव्या फ्रेटपाशी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. अजिबात नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल करा, एका वेळी पावच, आणि परत दुसऱ्या दिवशी बघा. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३ मिलिमीटरपर्यंत उंच असली तरी हरकत नाही, जाड तार मोठे हेलकावे घेते, तिला जागा लागते.

थोडी झणझण राहिली तर राहू द्या. तंबोऱ्याला जवारी काढायला लोक मिरजेपर्यंत जातात आणि इथं फुकट मिळतीय. पण झणझण आणि खडखड यातला फरक ओळखा. सूर लांबतो ती जवारी, सूर मरतो तो दोष.

वाजवायचं काय

सगळ्यात सोपं आधी. एक बोट आडवं, सगळ्या तारांवर. पाचव्या फ्रेटवर मध्यमाचा मेजर कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा, बाराव्यावर परत षड्ज. तीन कॉर्डची गाणी एका बोटावर निघतात. जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला होता, डावा हात अशक्त राहिला, म्हणून तिनं ओपन ट्यूनिंगचा रस्ता धरला आणि त्यातनं स्वतःची वेगळीच हार्मनी उभी केली. बॅरे कॉर्डला रडणाऱ्या नवशिक्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण सहा तारांवर बोट आडवं टाकून झाडत बसलात तर दोन दिवसांत कंटाळाल. खरी मजा अर्ध्या गिटारवर बोट आणि अर्धी मोकळी यात आहे. खालच्या सुरांच्या तीन जाड तारा एका बोटानं दाबा आणि बारीक तीन मोकळ्या वाजू द्या. पाचव्या फ्रेटवर दाबलं की खाली मध्यम, वर प सा ग तसेच झुलत राहतात. नवव्यावर न्या, धैवत येतो, एफ शार्प मायनर सेव्हनचा कॉर्ड होतो, पावसाळी संध्याकाळीसारखा. दुसऱ्यावर आणा, रिषभ, धड मेजर नाही धड मायनर नाही, अधांतरी. ९, ५, २, ० असं सावकाश उतरत या आणि प्रत्येक ठिकाणी थांबून ऐका.

मेलडी वरच्या दोन तारांवर. दुसरी तार उघडी सा, दुसऱ्या फ्रेटवर रे. पहिली तार उघडी ग, पहिल्या फ्रेटवर म, तिसऱ्यावर प, पाचव्यावर ध, सातव्यावर नि, आठव्यावर वरचा सा. पहिल्यांदा भूप घ्या: सा रे ग प ध आणि वरचा सा, म्हणजे दुसरीवर ०, २ आणि पहिलीवर ०, ३, ५, ८. अंगठ्यानं सहावी आणि चौथी आलटून पालटून. तीव्र मध्यम हवा तर पहिलीचा दुसरा फ्रेट, यमनकडं वळता येतं. भीमपलासीसारखा कोमल गंधाराचा राग असेल तर उघडी पहिली तार आडवी येते, तिला एक सेमीटोन खाली उतरवा, सगळं ट्यूनिंगच मायनर होतं. मालकंसाच्या नादाला इथं लागू नका, त्यात पंचमच नाही आणि इथं दोन तारा पंचमात बसल्यात.

हात हलका ठेवा. हे मला कळायला महिना लागला. खालच्या तारा जोरात दाबल्या तरी चढतात, जोरात मारल्या तरी चढतात. सहावीला ब्रिजच्या जवळ, नखाच्या कडेनं छेडा, आवाज मोकळा येतो. साउंडहोलवर अंगठ्याच्या गादीनं मारली तर नुसता घुमारा. आमचा एक दोस्त पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "काय वाजवालास बे, म्हैस हंबरालीय वाटतंय." बरोबर होतं त्याचं, मी सहाही तारा सपासप झाडत होतो. खर्ज चार मात्रांत एकदा पुरतो.

स्लाइडची, म्हणजे तारेवर नळी सरकवून वाजवायची, हौस असेल तर याहून सोयीचं ट्यूनिंग नाही. ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी ठेवून स्लाइडवर शास्त्रीय संगीत उभं केलं, त्यांचं वाजवणं ऐका.

मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर फोन साउंडहोलसमोर नको, बाराव्या फ्रेटसमोर हातभर अंतरावर ठेवा. आणि ऐकताना हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरमधनं खर्ज येतच नाही.

उन्हाळा

सोलापूरचा एप्रिल-मे कुणाला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तापलं की तार लांबते आणि सूर उतरतो, पंख्याखाली आली की परत चढतो, आणि या सैल तारांवर ते जास्त जाणवतं. त्यातनं लाकूड सुकतं, टॉप खाली बसतो, कालपर्यंत नीट वाजणारी सहावी आज खडखडते. पत्र्याच्या खोलीत असाल तर गिटार भिंतीला टांगू नका, केसमध्ये ठेवा, आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला पिळलेला स्पंज घालून ती डबी केसमध्ये नेकच्या टोकापाशी ठेवा. स्पंजातनं पाणी टपकता कामा नये. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, हीच गिटार इतकी शहाण्यासारखी वागते की वाटतं सगळं जमलं आपल्याला.

कॅपो

शेवटचं. गायचं असेल तर पांढरी सहा सगळ्यांना सोयीची नाही. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी पाच, तिसऱ्यावर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक. कॅपो जरा कडक स्प्रिंगचा घ्या आणि लावल्यावर सहावी परत तपासा, जाड तार कॅपोखाली चढते.

शेजारच्या आज्जी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. एकदा दारात येऊन म्हणाल्या, "तंबोरा आणलास व्हय रे?" गिटार दाखवली तर विश्वास बसेना. मग खाली बसल्या, मी छेडत राहिलो, त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या, "जरा वर घे की." कॅपो पहिल्यावर लावला. "अजून." दुसऱ्यावर. "हां, आता ऱ्हाऊ दे." तर दुसरा फ्रेट, पांढरी सात. चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवलंय.